अमावास्येची ओहोटी, शिरदोन

पाणी आज फार मागे गेलंय.
जुवारीच्या मुखाशी काळे खडक उघडे,
पलीकडे मुरगाव बंदराचे दिवे अजून मालवायचेत.
मी तारेची चौकट मांडतो, हात बाय हात,
आणि वहीत लिहितो :
कालवं एकेचाळीस.
शंखातले खेकडे सहा, एक बाटलीच्या बुचात.
गोगलगाय एक, कालवाला चिकटून.

चिकटून, म्हणजे जेवतेय.
जिभेवर कानस असते तिच्या.
एकाच जागी घासत बसते दोन-दोन दिवस,
मध्ये भरती येते, जाते,
तिला घाई नाही.
मग इतकं गोल भोक पडतं
की सोनाराने हातात घेऊन पाहावं.
आतलं संपलं की शिंपला वाहत किनाऱ्याला लागतो
आणि चॅपेलमागच्या वाड्यातल्या मुली
त्याच भोकातून दोरा ओवतात.
एकेक जेवण गळ्यात घालून शाळेत जातात.

पिएदाद येते माझ्यानंतर दहा मिनिटांनी.
झगा गुडघ्यावर गाठ मारलेला,
हातात कोयत्याचं तुटकं पातं, कमरेला डबा.
ती मोजत नाही.
एक टोला, एक झटका, कालव डब्यात,
आणि बारकं असेल तर टोलाच नाही.
एकदा मी दगड उलटा टाकून लिहीत बसलो होतो.
खालचा ओला संसार उघड्यावर वळवळत होता.
ती तिकडूनच ओरडली,
"फातर परत घाल रे! पोंदा कोणाचें तरी घर आसता."
मी घातला. नोंद अर्धीच राहिली.

आणि तो समुद्रबगळा,
पाटीच्या रंगाचा, पिवळ्या पावलांचा,
नेहमी तिच्यापासून पाच-सहा पावलांवर.
चार वर्षं मी लिहीत आलो :
बगळा, एक, शिकारीवर.
चार वर्षांत पिएदाद कुठल्याच रकान्यात नाही.

फेब्रुवारीत ती आली नाही.
गुडघ्याचं ऑपरेशन, मडगावला लेकीकडे,
असं पावाच्या सायकलवाल्याने सांगितलं.
बगळा मात्र वेळेवर आला.
डबक्याच्या काठाशी उभा राहिला,
चोच नाही मारली.
मान वळवून चॅपेलच्या पायऱ्यांकडे पाहिलं,
मग पाण्याकडे, मग पुन्हा पायऱ्यांकडे.
डबक्यात बोयटीची पिल्लं निवांत,
शेवाळाच्या सावलीत, दगडाच्या फटीत,
ज्यांना कुणी हुसकावणारं नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
तिचे पाय.
ती डबक्यातून फताफता चालायची,
मासे बिचकून मोकळ्यावर यायचे,
आणि मोकळ्यावर तो असायचा.
तिला ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.
त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी चपला काढल्या.
वही दगडावर ठेवली, तिच्यावर दगड,
आणि उतरलो.
पहिल्यांदा तो उडून दूर बसला.
दुसऱ्यांदाही.
माझी चाल त्याच्या ओळखीची नव्हती,
मी पाय फार जपून टाकत होतो,
माणसाने पुस्तक वाचून नाचावं तसा.
मग टाच कालवाच्या धारेवर पडली,
मी शिवी हासडली, धडपडलो,
चांगलाच धिंगाणा झाला पाण्यात,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यात
एक राखाडी रेघ खाली आली, वर गेली.
त्याच्या गळ्यातून काहीतरी चमकत उतरलं.
माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पाणी चढायला लागलं तशी वही उचलून पळालो.
त्या तारखेचं पान कोरं आहे.
कोपऱ्यात टाचेच्या रक्ताचा डाग, तपकिरी.
चौकट तिथेच विसरलो.

पुढच्या अमावास्येला सापडली, खडकाच्या कपारीत.
गंज चढलेला,
आणि तारेवर कालवाची चार पोरं,
तांदळाएवढी, घट्ट बसलेली.
ही मोजायची का, आणि कुठल्या चौकटीत,
पिएदाद आली की तिलाच विचारीन.